बुडबुडा कसला?

सोड्यासारख्या फसफसत्या खनिज पाण्यातल्या स्नानाचा विषय निघाला, की मला आपल्याकडची गरम पाण्याची कुंडं आठवतात. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीहून अंबाडीमार्गे वज्रेश्वरीकडे गेलं, की तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरीची उन्हाळी, म्हणजे गरम पाण्याचे झरे, लागतात. वसईच्या १७३९च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी नवस फेडायला बांधलेलं देऊळ इथलंच. पण मला खिळवून ठेवलं ते कुंडाच्या तळातून वर येणाऱ्या बुडबुड्यांनी.

कुंडातून बाहेर पडणाऱ्या माणसांची कातडी लालबुंद झालेली असते. हे काम बुडबुड्यांचं असावं, असं कुणालाही वाटेल. पण कोकणातल्या उन्हाळ्यांतून निघणारा वायू मुख्यतः नायट्रोजन. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरतं, तिथं तापतं आणि हवेतला हा वायू घेऊन वर येतं. नायट्रोजन त्वचेला काही करत नाही. इथली लाली उष्णतेची.

सोड्याच्या पाण्याची लाली वेगळी, आणि ती मला फार विलक्षण वाटते. जर्मनीतलं बाड नाउहाइम त्यासाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकापासून हृदयरोगी तिथं जात. तिथल्या स्नानाचं पाणी जेमतेम कोमट, अंगापेक्षाही थंड. त्यातला कार्बन डायऑक्साइड त्वचेतून सहज आत शिरतो. बारीक रोहिणींच्या भिंतींतले स्नायू सैल पडतात, वाट रुंदावते, रक्त धावतं. शिवाय हा वायू वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं. क्रिस्तियान बोर यांनी १९०४मध्ये हे दाखवलं. अशा पाण्यात पाय बुडवून बाहेर काढला, तर पाण्याच्या पातळीपर्यंतच लाल दिसतो, वरचा भाग पूर्वीसारखाच. रेघ आखल्यासारखी सीमा! थंडीची जाणीव बोथट होत असल्यामुळे कोमट पाणीही ऊबदार लागतं.

कढत कुंडात मात्र सगळ्या शरीरालाच उष्णता बाहेर टाकायची असते. एरवी मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आत असलेला त्वचेचा रक्तप्रवाह तीव्र उष्णतेत सहा-आठ लिटरपर्यंत जाऊ शकतो. नाडी वाढते, रक्तदाब उतरतो. कुंडातून झटकन उठणाऱ्याला भोवळ येते ती त्यामुळेच. कोमट सोड्याच्या पाण्यात हृदयावर हा ताण पडत नाही.

मग इथंच तसं पाणी का करू नये? कारण पाणी जितकं गरम, तितका कार्बन डायऑक्साइड त्यात कमी टिकतो. परिणाम हवा, तर लिटरमागे ग्रॅमभर वायू विरघळलेला लागतो. जपानमध्ये साध्या कोमट पाण्यात यंत्रानं तो विरघळवतात. पण तो हवेपेक्षा जड असल्यानं टबाच्या वर साचतो, बंद खोलीत गुदमरवतो. हवा खेळती नसेल तिथं हा प्रयोग करूच नये.

मला सर्वांत काळजी वाटते ती मधुमेहाच्या रुग्णांची. पायाची संवेदना गेलेली असते, रक्तपुरवठा कमी असतो, आणि ‘पायात रक्त खेळेल’ म्हणून तेच कढत पाण्यात पाय सोडून बसतात. चटका कळत नाही. फोड येतो, जखम चिघळते, कधी पायच गमवावा लागतो. अशांनी पाय बुडवण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि सोबतच्या माणसानं कोपरानं पाणी पाहावं. हृदयाचा त्रास असलेल्यांनी गळ्यापर्यंत उतरू नये, काठ धरून सावकाश उठावं. घरातल्या वडीलधाऱ्यांना अकलोलीला नेणार असाल, तर एवढं जरूर सांभाळा.