बाळाचे पाय मोकळे असू द्या

गेल्या महिन्यात आम्ही दिलसुखनगरला एका मराठी घरी बाळ-बाळंतिणीची विचारपूस करण्यास गेलो होतो. आजीबाईंनी नातीला न्हाऊमाखू घालून दुपट्यात गुंडाळले होते. पाय सरळ, गुडघे जुळवलेले, वरून घट्ट पट्टी. म्हणाल्या, "असं बांधलं म्हणजे पाय वाकडे होत नाहीत, फादर." माया खरी, बांधणे मात्र चुकीचे.

खुबा हा उखळीचा सांधा. तान्ह्या बाळाची ही उखळ बरीचशी मऊ कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचा गोळा तीत नीट बसून राहिला तरच ती खोल घडते. पाय ताणून बांधले की गोळा बाहेर सरकू पाहतो. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय मोकळे ठेवण्याची मोहीम निघाली आणि हे दुखणे झपाट्याने घटले. मूल कडेवर घेण्याची आपली रीत खुब्याला उत्तम. छाती-हात खुशाल गुंडाळा, कमरेखाली दुपटे सैल ठेवा. आणि न्हाऊ घालताना पाय धरून बाळाला उलटे टांगणे नको.

मुलींत, पहिलटकरणीच्या बाळांत हा दोष अधिक. पायाळू बाळाला तर विशेष धोका. पायाळू माणसाला गुप्तधन दिसते म्हणतात; ते आम्ही पाहिलेले नाही, पण अशा बाळाचा खुबा सहा आठवड्यांच्या सुमारास सोनोग्राफीत पाहून घ्यावा. चौकशी केली तर ही नातही पायाळूच! लंगोट बदलताना एक मांडी कमी फाकते काय, एक पाय आखूड दिसतो काय, ते पाहावे. बाळ रडत नाही म्हणून थांबू नये; हा दोष तान्हेपणी दुखत नाही. दिलसुखनगरहून मेट्रो थेट नामपल्ली, लकडी-का-पूलला जाते. मुलांचे निलोफर रुग्णालय तेथून जवळ आहे.

सहा महिन्यांच्या आत सापडल्यास बहुधा पावलिकचे पट्टे पुरतात. त्यांत पाय बेडकासारखे दुमडून राहतात, ते काही आठवडे. पट्टे न सोडता बाळाला पुसावे, उचलावे कसे, हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात. बाळ गुडघा सरळ करून पाय झाडते ना, हे रोज पाहावे. झाडणे थांबले तर मज्जातंतूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मूल लंगडत चालू लागल्यावर कळले तर बहुधा शस्त्रक्रियाच. मोठेपणी राहून गेलेला दोष जांघेतल्या दुखण्याने कळतो. फिजिओथेरपिस्ट एका पायावर उभे करतात. दुसरीकडची कंबर खाली कलली तर उभ्या पायाकडचे कुल्ल्याचे स्नायू दुबळे समजावेत. व्यायामाने ते बळकट होतात, उखळ काही खोल होत नाही. काठी लागलीच तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.