सिद्धांताची बाजू

भोरच्या किंवा वेल्ह्याच्या (सरकारी कागदावर आता राजगड तालुक्याच्या) मुलाने बी.एस्सी. झाल्यावर पुण्यात सहा महिन्यांचा कोडिंगचा क्लास लावावा, की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात दोन वर्षं देऊन संगणकशास्त्रात एम.एस्सी. करावं? घरच्यांचा कल क्लासकडे असेल तर त्यात नवल नाही. दोन वर्षं पगाराविना काढणं सोपं नसतं. तरीही हा अभ्यासक्रम जितका सैद्धांतिक, तितका तो या डोंगरी तालुक्यांच्या जास्त कामाचा, असं माझं म्हणणं आहे. पायथनचे धडे रेंज असली तर तोरण्याच्या पायथ्यालाही मोबाइलवर मिळतात. पण अल्गोरिदम बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं, कंपायलर आतून कसा चालतो, हे एकट्याने रेटणं कठीण. त्याला चूक दाखवणारा शिक्षक आणि शेजारी बसून वाद घालणारे चारजण लागतात. ते माफक शुल्कात मिळण्याची जागा म्हणजे सार्वजनिक विद्यापीठ.

विद्यापीठाच्या गणेशखिंडीतल्या संगणकशास्त्र विभागाला सिद्धांताच्या अशा हट्टाची परंपरा आहे. सगळीकडे सी भाषेचा बोलबाला होता तेव्हा, १९९१ मध्ये, इथल्या आर. पी. मोदींनी शिकवण्यासाठी सी वापरण्यावर टीका करणारा निबंध लिहिला. मार्क जोन्स यांच्या गोफर या फंक्शनल भाषेत बदल करून वर्गासाठी ‘प्यूगोफर’ तयार झाली, ती याच विभागात. बाजारात तिला काडीची किंमत नव्हती. पण फंक्शन म्हणजे काय हे ज्याला नीट कळलं, त्याला पुढे भाषा बदलल्याने फारसं बिघडत नाही. क्लासमध्ये शिकलेलं फ्रेमवर्क मात्र काही वर्षांत जुनं होतं, आणि पुन्हा फी भरायची ऐपत प्रत्येक घराची नसते.

मुलाखतीत सिद्धांत कोण विचारतो, हा आक्षेप अर्धाच खरा आहे; अल्गोरिदमचे प्रश्न तिथेही येतातच. इंग्रजीची अडचण अधिक खरी. गणिती चिन्हांमुळे मराठी माध्यमाच्या मुलाला वर्गात थोडा दिलासा मिळतो, बोलण्याचा प्रश्न उरतोच, आणि त्यासाठी विभागाने वेगळे तास ठेवायला हवेत. सर्वांत बोचरा आक्षेप स्थानिक आहे: भाटघर धरणाचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली जातं, पानशेत-वरसगावचं पुण्याला, शिकलेली पोरंही त्याच वाटेने जाणार. जाणार हे खरं, पण ती आजही शिरवळच्या कारखान्यांत आणि पुण्यात जातातच. काय होऊन जातात, एवढाच फरक पदवीने पडतो.

शिवाय सगळं काम बाहेरचंच असावं असं अभ्यासक्रम म्हणत नाही. राज्यात २०२३ पासून आलेल्या पदव्युत्तर रचनेत दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांपैकी १० संशोधन प्रकल्पाला आहेत, आणि ४ प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला किंवा क्षेत्रीय प्रकल्पाला. ते हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीच्या वेबसाइटवर खर्च करायची सक्ती नाही. भाटघरच्या पाणलोटातला पाऊस आणि धरणात येणारं पाणी यांचं गणित मांडणारं मॉडेल हा विषय १० श्रेयांकांना पुरून उरेल, आणि त्यातली आकडेमोड कुठे चुकते आहे हे धरणाच्या वेळवंडी नदीकाठच्या मुलाला इतरांआधी कळेल.