जागतिक पाणीटंचाई आणि जलक्षेत्राची भूमिका : हिरण्यकेशी खोऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी गोडे पाणी अवघे अडीच टक्के आहे आणि त्यातीलही बराचसा भाग हिमाच्या रूपात गोठलेला आहे. मानव जे गोडे पाणी उपसतो त्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीसाठी खर्च होते. स्वीडिश जलशास्त्रज्ञ मालिन फाल्केनमार्क यांनी दिलेला निकष सर्वपरिचित आहे. दरडोई वार्षिक उपलब्धता १७०० घनमीटरपेक्षा कमी असेल तर ताण आणि १००० घनमीटरपेक्षा कमी असेल तर टंचाई. हा निकष उपयुक्त असला तरी तो सरासरीचा आहे. पाणी कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटीवर मिळते, याविषयी तो मौन बाळगतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न गडहिंग्लज परिसराच्या आधारे तपासावयाचा आहे. ‘जलक्षेत्र’ ही संज्ञा येथे केवळ धरणे बांधणाऱ्या यंत्रणेपुरती मर्यादित नाही. साठवण, वाटप, मोजणी, दरआकारणी आणि कायदा या सर्वांचा तीत समावेश आहे.

नदी आणि तिचे बंधारे

हिरण्यकेशी नदी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीजवळ उगम पावते. आजरा व गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत ती कर्नाटकात संकेश्वरकडे जाते आणि पुढे घटप्रभेस मिळते. आंबोली हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. तेथून पूर्वेकडे सरकावे तसतसा पाऊस झपाट्याने उतरत जातो. उगमापाशी अतिवृष्टी आणि काही कोसांवर जिरायत शिवार, असे हे खोरे आहे. म्हणून येथील टंचाई मुख्यत्वे पाण्याच्या अभावाची नसून काळाची आहे. चार महिन्यांत आलेले पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी राखावे लागते.

आजरा तालुक्यातील चित्री प्रकल्प हा या राखणीचा मुख्य आधार होय. त्याची साठवणक्षमता सुमारे १.९ अब्ज घनफूट आहे. धरणातून सोडलेले पाणी प्रामुख्याने नदीपात्रातूनच वाहते व कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडते. या बंधाऱ्याची रचना साधी, परंतु मार्मिक आहे. नदीत ओळीने खांब उभे करून त्यांना खाचा ठेवलेल्या असतात. पावसाळा ओसरल्यावर खाचांत बरग्यांच्या दोन रांगा बसवितात व मधल्या जागेत माती भरतात. पावसाळ्यापूर्वी बरगे काढून घेतले की पूर आणि गाळ अडथळ्याविना निघून जातात. बरगे पूर्वी लाकडी असत, आता लोखंडीही असतात. या रचनेचे सारे यश मात्र वेळेवर अवलंबून आहे. बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस जोराचा झाला, तर बंधाऱ्यास व काठच्या शेतांस धोका संभवतो. उशीर झाला तर अडविण्याजोगे पाणी वाहून गेलेले असते. हवामानशास्त्राच्या परिभाषेत ज्यास अनिश्चितता म्हणतात, तिचा सामना येथे बरगे घालणाऱ्या मजुरांच्या टोळीस करावा लागतो.

वाटपाचा प्रश्न

बंधाऱ्यात पाणी अडले म्हणजे ते सर्वांना मिळाले असे नव्हे. काठावरील विद्युतपंप ते उपसतात. वरच्या अंगाचा उपसा वाढला की खालच्या बंधाऱ्याचा तळ लवकर दिसू लागतो. उन्हाळ्यात म्हणूनच पाटबंधारे विभाग ठरावीक दिवसांची उपसाबंदी जाहीर करतो. पिण्याच्या पाण्याचे रक्षण करण्यासाठी ती आवश्यकच आहे. तथापि बंदी हे वाटपाचे साधन नव्हे. वाटपाची पद्धत नसल्याची ती कबुली होय, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वैयक्तिक उपशाची आकारणी बहुतांशी पीक व क्षेत्र यांवर होते. किती पाणी उचलले हे मोजलेच जात नाही. पाणी वाचविणाऱ्या शेतकऱ्यास त्यामुळे काहीच लाभ होत नाही.

यात ऊस हा कळीचा मुद्दा आहे. राज्याच्या पीकक्षेत्रापैकी सुमारे चार टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या सुमारे ७० टक्के पाण्याचा वापर करतो, याकडे कृषी खर्च व मूल्य आयोगाने लक्ष वेधले आहे. उसासाठी ठिबक सिंचन टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्याचा निर्णय शासनाने २०१७ मध्ये घेतला. परंतु उसाला खात्रीचा खरेदीदार आहे, तसा भाजीपाल्याला किंवा संकेश्वरी मिरचीला नाही. शेतकरी ऊस का लावतो याचे उत्तर पाटबंधारे खात्यापेक्षा बाजारपेठेत अधिक सापडते. जलक्षेत्राच्या सुधारणेची चर्चा करताना हे सहसा विसरले जाते.

कायद्याच्या अंगाने महाराष्ट्र मागे नाही. डॉ. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये अहवाल दिला. २००३ मध्ये राज्य जलनीती आली. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा, असे दोन कायदे झाले. दुसऱ्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचे तत्त्व मान्य केले असून त्यात उपसा सिंचन संस्थांचीही तरतूद आहे. कालव्यावर प्रवाहमापक बसविणे तुलनेने सोपे असते. नदीकाठी विखुरलेल्या असंख्य पंपांवर तेच तत्त्व राबविणे कठीण जाते.

याच परिसरातील चिकोत्रा खोऱ्यात समन्यायी पाणीवाटपाची चळवळ उभी राहिली. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबागणिक असावा आणि भूमिहीनांनाही तो मिळावा, ही तिची मागणी होती. तिने उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर हिरण्यकेशीच्या काठीही द्यावे लागेल. काठावर जमीन नाही, पंप नाही, अशा कुटुंबाच्या वाट्यास चित्रीच्या साठ्यातील किती पाणी येते, हे सांगणारी नोंदवही आजच्या आकारणीपद्धतीत तयारच होत नाही.