गणपतीची दूर्वा आणि गोल्फचं मैदान

गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा आणि गोल्फच्या मैदानावरचा हिरवागार गालिचा, यांचं नातं अगदी जवळचं आहे, हे तुम्हाला माहीत आहे का? शेतकरी जिला हरळी म्हणतो आणि वैतागून उपटून टाकतो, तिलाच इंग्रजीत बर्म्युडा ग्रास म्हणतात. उष्ण प्रदेशातल्या कित्येक गोल्फ कोर्सवर तीच किंवा तिच्या संकरित जाती लावलेल्या असतात.

आपल्या बेंगळुरूला गोल्फ नवा नाही. बेंगलोर गोल्फ क्लबची स्थापना १८७६ सालची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने हवा सुखद, असं आपण म्हणतो. पण हे हवामान गवताची मात्र परीक्षा पाहतं.

दोन नाण्यांएवढं गवत

ज्या भागात चेंडू खळग्यात घालायचा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर ठेवतात, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होईल साधारण तेवढंच. यासाठी टिफड्वार्फसारख्या बुटक्या संकरित जाती वापरतात. त्यांना बी धरत नाही, म्हणून कांड्या लावूनच त्या वाढवाव्या लागतात. इतक्या आखूड पात्यांना अन्न तयार करायला जागा कमी मिळते. त्यामुळे हवामानाचा छोटासा फटकाही तिथे लगेच दिसतो.

ऋतूप्रमाणे बदलणारं काम

मार्च-एप्रिलच्या उन्हात बर्म्युडा जोमात असते, फक्त पाणी हवं. मग वळीव येतो, पाठोपाठ जून ते सप्टेंबरचा मान्सून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा पाऊस. या काळात खरी अडचण पावसाची नसते, ढगांची असते. या गवताला भरपूर ऊन लागतं. आठवडाभर आभाळ भरलेलं राहिलं की ते विरळ होतं आणि मोकळ्या जागी शेवाळ धरतं. अशा वेळी माळी कापणीची उंची थोडी वाढवतात, म्हणजे पात्यांना जास्त प्रकाश मिळतो. मुळांशी पाणी साचू नये म्हणून चांगल्या ग्रीनखाली वाळूचा जाड थर आणि त्याखाली खडी असते. वरून जमीन घट्ट झाली की यंत्राने छोटी भोकं पाडून त्यात वाळू भरतात.

डिसेंबर-जानेवारीत रात्री गार होतात, वाढ मंदावते. पहाटेचं दव पात्यांवर रेंगाळलं की बुरशी येते आणि नाण्याएवढे फिकट डाग दिसू लागतात. त्यावर पहिला उपाय अगदी साधा आहे : सकाळीच लवचीक काठी फिरवून दव झटकून टाकायचं.

पाणी आणायचं कुठून?

मार्च २०२४ मध्ये पाणीटंचाईमुळे बेंगळुरूत बागकामासाठी आणि गाड्या धुण्यासाठी पिण्याचं पाणी वापरायला बंदी झाली. दंड होता ५००० रुपये. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, उंच चढवून शहरात येतं. ते गवताला घालणं कुणालाही खटकेलच. मग उरतो प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा पर्याय. त्यात क्षार जास्त असतात, पण बर्म्युडा ते बऱ्यापैकी सहन करते. मात्र अधूनमधून क्षार धुऊन जावे लागतात आणि त्यासाठी निचरा चांगला हवा. म्हणजे खाली घातलेली वाळू उन्हाळ्यातही कामाला येते.

तुमच्या अंगणासाठी

* एका वेळी पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नका.
* रोज शिंपडण्यापेक्षा एकदाच खोलवर मुरेल असं पाणी द्या, तेही पहाटे. संध्याकाळी दिल्यास पाती रात्रभर ओली राहतात.
* जमीन ओलीचिंब असताना लॉनवर चालू नका, वाफसा येऊ द्या.
* भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी लॉनला चालतं.
* दिवसभर सावली असेल तिथे लॉनचा हट्ट सोडा, सावलीत वाढणारी झाडं लावा.

आणि उन्हाळ्यात लॉन थोडं पिवळं पडलं तर घाबरू नका. हरळी चिवट असते. वरची पाती वाळली तरी जमिनीतल्या कांड्या जिवंत राहतात आणि चांगला पाऊस झाला की पुन्हा फुटतात. तोवर बादलीभर पाणी वाचलं, तर ते शेजारच्या कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.