बेटांच्या पोटात (लेखांक ७) : नवासा कुणाकडे मोडते?

मागच्या आठवड्यात आपण पेरूच्या किनाऱ्यासमोरच्या चिंचा बेटांवर होतो. (चिंचेचे झाड तिथे शोधू नये, गवताची काडीही नाही.) पाऊस जवळजवळ पडतच नसल्यामुळे पक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर तिथे साचले होते. या खताला, म्हणजे ग्वानोला, सोन्याचा भाव आला आणि पेरू सरकारने त्याचा मक्ता मुठीत घट्ट धरला. तंबाखू आणि कापूस पिकवून जमिनी थकवून बसलेले अमेरिकन शेतकरी या भावाने इतके कावले की १८५० च्या डिसेंबरात अध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांना काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशात ग्वानोचा विषय काढावा लागला. महासत्ता होऊ घातलेल्या देशाच्या अध्यक्षाने पक्ष्यांच्या शिटेवर गंभीरपणे चार वाक्ये लिहावीत, असा तो काळ होता.

पेरू बधेना, तेव्हा अमेरिकेने दुसरी वाट काढली. १८ ऑगस्ट १८५६ रोजी ग्वानो बेटांचा कायदा झाला. कोणाही अमेरिकन नागरिकाला कुठल्याही बेटावर, खडकावर किंवा पुळणीवर ग्वानो सापडला, त्या जागेवर दुसऱ्या सरकारचा कायदेशीर अंमल नसला, दुसऱ्या देशाचे लोक तिथे राहत नसले आणि त्याने ती शांतपणे ताब्यात घेतली, तर अध्यक्षांच्या मर्जीने ते बेट अमेरिकेकडे ‘मोडते’ असे धरता येईल. सापडवणाऱ्याला खत काढण्याचा एकट्याचा हक्क. भावावर मर्यादा होती: बेटावर टनाला चार डॉलर, जहाजाला लावून दिल्यास आठ. बेटावर गुन्हा घडला तर तो भर समुद्रात अमेरिकन जहाजावर घडला असे समजायचे. आणि शेवटी एक गमतीचे कलम, की खत संपले म्हणजे ते बेट ठेवून घेण्याचे बंधन अमेरिकेवर नाही.

कायद्यात ‘मालकीचे’ हा शब्द नाही. तिथे शब्द आहे ‘अपर्टेनिंग’. वकिलांनी त्याचा वर्षानुवर्षे कीस पाडला, पण आपल्या भाषेत त्याला चांगला शब्द आहे. आपले गाव अमुक तालुक्यात मोडते असे आपण म्हणतो तेव्हा गाव त्या तालुक्याच्या मालकीचे आहे असे आपल्या मनात नसते. अमेरिकेला नेमके तेवढेच हवे होते. बेट हाती असावे, पण सातबाऱ्यावर नाव नको. नाव लावले की वसाहत झाली, वसाहत म्हटली की अधिकारी नेमा, न्यायालय बसवा, त्यांचे पगार द्या. या कायद्याखाली शंभराच्या घरात बेटांवर दावे लागले. त्यांतल्या एकाची आजची गोष्ट.

नवासा हे हैतीच्या नैर्ऋत्य टोकापासून पश्चिमेला, हैती आणि जमैका यांच्या मधल्या सामुद्रधुनीत, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे बेट. पुळण नाही. चोहोबाजूंनी पाण्यातून सरळ उठलेले कडे, आणि वर प्रवाळी चुनखडकाचे पठार. चौथ्या सफरीत कोलंबस जमैकात अडकून पडला तेव्हा मदत आणायला त्याने दोन होडक्यांतून माणसे पाठवली होती. तहानेने व्याकूळ झालेली ती माणसे इथे थांबली. झरा नव्हताच. खडकाच्या खळग्यांत साचलेले पावसाचे पाणी काहींनी अधाशासारखे ढोसले आणि ते तिथेच दगावले. त्यानंतर साडेतीनशे वर्षे हे बेट हवेसे कुणाला वाटले नाही.

१८५७ च्या जुलैत पीटर डंकन नावाचा अमेरिकन कप्तान इथे उतरला. १९ सप्टेंबरला त्याने रीतसर ताबा घेतला आणि खताचा साठा दहा लाख टनांचा असल्याचा अंदाज कळवला. पुढे त्याने आपला हक्क बाल्टिमोरच्या एडवर्ड कूपर या व्यापाऱ्याला दिला. खरे तर नवासावर चिंचा बेटांसारखा ग्वानो नव्हताच. पावसाने त्यातला नत्र कधीच धुऊन नेला होता. मागे उरले होते ते खडकाच्या भोकाभोकांत ठासून बसलेले तांबूस फॉस्फेट. गंधकाम्लाची प्रक्रिया केली की त्याचे सुपरफॉस्फेट होते, आपल्या कृषी सेवा केंद्रात आजही पोत्यांच्या थप्पीत दिसते तेच. कायद्यात शब्द ‘ग्वानो’ होता, पण तेवढ्यावर कुणी अडून बसले नाही.

हैतीला बातमी लागली. तिथे सम्राट पहिला फॉस्टिन गादीवर होता. एप्रिल १८५८ मध्ये त्याने दोन युद्धनौका पाठवून खोदकाम थांबवण्याचा हुकूम दिला. हैतीचे म्हणणे सरळ होते. १६९७ च्या रिस्विकच्या तहाने स्पेनने हिस्पानिओला बेटाचा पश्चिम भाग फ्रान्सला दिला. १८०१ च्या घटनेत तूस्सँ लूव्हेर्त्यूरने मोठ्या बेटांची नावे घेऊन पुढे ‘आणि इतर लगतची बेटे’ असे लिहून ठेवले. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला आणि फ्रान्सचे जे होते ते त्याचे झाले. नवासा लगतचे नाही तर काय?

कूपरने वॉशिंग्टनला धाव घेतली. अमेरिकेने ‘सॅराटोगा’ ही युद्धनौका रवाना केली. बॉस्टनमधल्या हैतीच्या व्यापारी प्रतिनिधीने परराष्ट्र खात्याकडे निषेध नोंदवला. व्यापारी प्रतिनिधीनेच का? कारण वकिलात नव्हतीच. स्वतंत्र होऊन अर्धशतक उलटले तरी अमेरिकेने हैतीला देश म्हणून मान्यताच दिली नव्हती. गुलामांनी बंड करून मालकांना हाकलले आणि राज्य थाटले, अशा देशाचा वकील वॉशिंग्टनच्या मेजवानीत हिंडणार, ही कल्पना दक्षिणेकडच्या सिनेटरांच्या घशाखाली उतरत नव्हती. मान्यता मिळाली ती १८६२ मध्ये, तेही दक्षिणेची राज्ये फुटून गेल्यावर आणि लिंकन अध्यक्ष असताना. त्याच्या आधीच, ८ डिसेंबर १८५९ रोजी, परराष्ट्रमंत्री लुईस कॅस यांनी सही करून नवासा अमेरिकेकडे मोडते असे जाहीर केले होते. तोवर फॉस्टिन पदच्युत होऊन जमैकात जाऊन बसला होता. वादाचा निकाल अशा वेळी लागला की एका पक्षाच्या लेखी दुसरा पक्ष मुळात अस्तित्वातच नव्हता. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला हैतीचे वकील स्टीफन प्रेस्टन यांनी हे प्रकरण पुन्हा उकरून काढले. परराष्ट्रमंत्री हॅमिल्टन फिश यांनी लांबलचक, सभ्य उत्तर धाडले. अर्थ एकच: नाही.

बेटावर तोवर ‘नवासा फॉस्फेट कंपनी’ आली होती. मजूर बाल्टिमोर आणि आसपासचे काळे अमेरिकन, मुकादम गोरे. काम कसे चालायचे? खडकाच्या धारदार भोकांतून फॉस्फेट पहारीने आणि सुरुंगाने मोकळे करायचे, छोट्या रुळांवरच्या डब्यांत भरायचे आणि डबे माणसांनीच ढकलत लुलू बे नावाच्या खाचेपर्यंत न्यायचे. तिथून कड्याखालच्या होड्यांत आणि होड्यांतून लांब नांगरलेल्या जहाजात. महिन्याचा पगार आठ डॉलर. कायद्याने टनभर खताची जी किंमत ठरवली होती तीच माणसाच्या महिन्याची. त्यातूनही कंपनीच्या दुकानातली उधारी कापली जायची. आजारी पडला तर खाडा. तक्रार केली तर शिक्षा. तक्रार करायची तरी कुणाकडे? फौजदार, मॅजिस्ट्रेट, साधा टपालखात्याचा कारकून यांपैकी बेटावर कुणी नव्हते. सातबाऱ्यावर नाव न लावण्याचा फायदा तो हाच होता.

१४ सप्टेंबर १८८९ रोजी भडका उडाला. कुऱ्हाडी, पहारी, दगड, हाताला लागेल ते घेऊन मजूर मुकादमांवर धावून गेले. पाच गोरे मारले गेले. मजुरांना जहाजाने बाल्टिमोरला आणून खटले चालवले गेले आणि हेन्री जोन्स, जॉर्ज की, एडवर्ड स्मिथ या तिघांना फाशी सुनावली गेली.

इथे गोष्ट मला फार विलक्षण वाटते. बाल्टिमोरच्या काळ्या समाजातली ‘ऑर्डर ऑफ गॅलिलियन फिशरमेन’ ही परस्परसाहाय्य करणारी संस्था मजुरांच्या मागे उभी राहिली. तिने दिलेल्या वकिलांत एव्हरेट वॉरिंग हा काळा वकील होता. बचाव पक्षाने सर्वोच्च न्यायालयात मुळालाच हात घातला. बेट अमेरिकेचे आहेच कशावरून? नसेल, तर अमेरिकन न्यायालयाला या माणसांना फासावर देण्याचा अधिकार कुठून आला? हैतीच्या सम्राटाला, व्यापारी प्रतिनिधीला, वकिलाला जो प्रश्न वॉशिंग्टनमध्ये कुणापुढे धड मांडता आला नाही, तो देशाच्या सर्वांत वरच्या न्यायासनापुढे आला तो तीन काळ्या मजुरांचे गळे वाचवण्यासाठी.

२४ नोव्हेंबर १८९० रोजी न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी निकाल दिला. हैतीच्या पत्रव्यवहाराची त्यांनी सविस्तर दखल घेतली आणि मग हात वर केले. एखादा मुलूख कुणाच्या अंमलाखाली आहे हा राजकीय प्रश्न. तो अध्यक्षांनी ठरवायचा, न्यायालयाने ते मुकाट मानायचे. कॅस यांची सही पुरेशी आहे. फाशी कायम.

या ‘जोन्स’ निकालाचा दाखला वकील आजही देतात. निकालाने एक मात्र केले, की बेट अमेरिकेकडे मोडते हे पक्के झाल्यावर तिथल्या अंदाधुंदीची जबाबदारीही अमेरिकेच्याच गळ्यात पडली. मजुरांसाठी अर्जांचा पाऊस पडला. नौदलाने चौकशी केली. १८९१ मध्ये अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी फाशी रद्द करून जन्मठेप दिली. अमेरिकन भूमीवर अमेरिकन नागरिक काम करत होते आणि दाद मागायला तिथे सरकारचा एकही माणूस नव्हता, हे त्यांना डाचले होते.

कंपनीने तरीही काही वर्षे तग धरला. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाल्यावर बेट रिकामे केले गेले, आणि पुढे कंपनीचे दिवाळे निघाले. खत संपले तर बेट सोडायला कायद्याची मुभा होतीच. पण १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला आणि जहाजांच्या रांगा नवासाच्या अंगावरून जाऊ लागल्या. १९१७ मध्ये अमेरिकेने तिथे दीपगृह बांधले. १९९६ मध्ये तेही विझवले. एव्हाना खरे तर बेटाचा कुणालाच उपयोग उरला नव्हता, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका उद्योगी गृहस्थाने १८५६ च्या त्याच कायद्याखाली नवासावर ताजा दावा ठोकून दिला. तो टिकला नाही. १९९९ मध्ये बेटाला वन्यजीव आश्रयस्थान ठरवण्यात आले. पक्षी आहेत, सरडे आहेत, आणि माशांच्या मागे होड्या घेऊन येणारे हैतीचे कोळी आहेत. ते कुणाची परवानगी मागत नाहीत.

आणि हैती? १८०१ मधली ‘इतर लगतची बेटे’ ही मोघम भाषा त्याला किती महागात पडली हे तो विसरलेला नाही. १९८७ च्या घटनेच्या आठव्या कलमात देशाची बेटे एकेक नावाने मोजली आहेत. गोनाव्ह, तोर्त्यू, इल-आ-व्हाश, काय्‌मित. आणि पुढे, स्वच्छ अक्षरांत, ला नवास.

(पुढच्या आठवड्यात पॅसिफिकमधले बनाबा. तिथे करारही होता, मालकही ठाऊक होते. भाडे वर्षाला ५० पौंड, मुदत ९९९ वर्षे.)