जुन्या विमानातील छत्री

अमेरिकेत २००४ साली हलक्या क्रीडा-विमानांचा निराळा वर्ग मान्य झाला. ही दोन आसनी विमाने आता जुनी म्हणूनही विकली जातात. त्यांतील पुष्कळांच्या पोटात मोठी हवाई छत्री असते. मूठ ओढली की लहानसा अग्निबाण सुटतो, छत्री बाहेर खेचतो आणि माणसांसह सबंध विमान तिच्या आधाराने खाली येते.

विकणारा सांगतो, "छत्री आहे." आम्ही विचारतो, "तिची मुदत कधीपर्यंत?" घडीतले कापड ओल व उष्णता यांनी दुबळे होते, अग्निबाणाची दारूही जुनी होते. म्हणून अशा अनेक विमानांत छत्रीची घडी सहा वर्षांनी नव्याने घालावी लागते, अग्निबाण बारा वर्षांनी बदलावा लागतो. हा खर्च मोठा. मुदत सरत आली असेल, तर तो किमतीतून वजा व्हावा. आसनाचे पट्टे आणि संकट-संदेश यंत्राची बॅटरी यांनाही हाच न्याय.

आणि तपासणाऱ्या कारागिराचे काय? अग्निबाण जिवंत असतो. मुठीत सुरक्षा-खीळ आहे ना, हे त्याने आधी पाहावे.

कारखान्यातही आम्ही हेच सांगत आलो: साधन असणे निराळे, वेळेला उपयोगी पडणे निराळे.