कृष्णविवराच्या उंबरठ्यावरची तरणी पिढी

एस-२ हा तारा आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवराभोवती सोळा वर्षांत एक फेरी मारतो. मे २०१८मध्ये तो विवराच्या सर्वांत जवळून गेला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर होता. अशा ताऱ्यांच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजून राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेआ गेझ यांनी तिथे सुमारे ४० लाख सूर्यांचं वस्तुमान दाटलेलं असल्याचं दाखवलं. २०२०च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला तो त्यासाठीच. मला मात्र त्याच निरीक्षणांतून निघालेलं दुसरं कोडं जास्त चटकदार वाटतं: एस-२चं वय एक कोटी वर्षंही नाही. सूर्य ४६० कोटींचा! म्हणजे हे पोर तिथे आलं कुठून?

तारा जन्मायचा तर वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसला पाहिजे. पण विवराची ओढ ढगाच्या अलीकडच्या बाजूला जास्त, पलीकडे कमी. समुद्राला भरती आणणारा हाच फरक तिथे एवढा तीव्र असतो की साधा ढग आकसण्याआधीच फाटतो. तगायचं तर नेहमीच्या ढगांच्या लाखो पट घनता हवी.

मग तारे लांब जन्मून आत सरकले असतील? ही कल्पना मांडली गेली, पण हे तारे भारी, आणि भारी तारे अल्पायुषी. एवढा प्रवास करायला त्यांना सवड कुठली? शिवाय एस-२च्या थोडं बाहेर बरेच तरुण, भारी तारे एकाच चकतीत, एकाच दिशेने फिरताना दिसतात. जन्मखूण म्हणावी तर हीच: ते तिथल्याच वायूच्या चकतीत जन्मले असावेत.

आत येणारा ढग थेट विवरात पडत नाही. त्याच्या चिंध्या होतात, त्यांचे प्रवाह विवराला वळसा घालून एकमेकांवर आदळतात, ऊर्जा गमावतात आणि चकती बनते. तिच्यात वायू इतका दाटतो की त्याचं गुरुत्व विवराच्या फाडणाऱ्या ओढीवर मात करतं. बॉनेल आणि राइस या खगोलशास्त्रज्ञांनी २००८मध्ये संगणकावर हेच घडवून पाहिलं. वायू तापलेला असल्याने गोळे मोठे होतात, म्हणून तारेही भारी. ढग फाडणारं विवरच चकतीही घडवतं, हे मला यातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

एस-२ आणि त्याचे शेजारी मात्र चकतीपेक्षा विवराच्या जवळ, वाटेल तशा कलत्या कक्षांत आहेत. त्यासाठी खगोलशास्त्रज्ञ जॅक हिल्स यांची १९८८ची कल्पना कामी येते: जोडतारा विवराजवळ गेला की एक तारा अडकतो, दुसरा भिरकावला जातो. २०१९मध्ये सेकंदाला सुमारे १,७०० किलोमीटर वेगाने आकाशगंगेबाहेर निघालेला एक तारा सापडला. त्याचा माग केंद्रापर्यंत जातो आणि तिथून निघून त्याला झाली सुमारे ४८ लाख वर्षं. चकतीतल्या ताऱ्यांचं वयही साधारण तेवढंच आहे.